माश्यांचे फोटो

ते मला अ‍ॅडमिन म्हणायचे. फोनवर, समोर, रस्त्यात, कुठेही. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारून "अगं, हे अ‍ॅडमिन" अशी माझी ओळख करून दिली, आणि काकूंनी हे आडनाव नक्की कुठल्या बाजूचं असावं अशा चेहऱ्याने मला पाणी दिलं. माझं नाव त्यांना माहीत होतं. पण माणसाचा आपल्याशी ज्या कामापुरता संबंध आहे तेच त्याचं नाव, असा त्यांचा खाक्या होता. दूधवाल्याला ते 'दूध' म्हणायचे.

मी परळला लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत आहे. दिवसभर इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत डोकं घालून केबल तपासायच्या, हे काम. त्यामुळे सुटीच्या दिवशी मला मोकळं पाणी लागतं, आणि त्यातून गळाचा नाद लागला. गळातही फ्लायचा. म्हणजे कोळंबी किंवा गांडूळ न लावता, बारीकशा आकड्यावर पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची, ती पाण्यावर टाकायची, मासा फसला की त्याला बाहेर काढायचं, फोटो घ्यायचा आणि परत सोडून द्यायचं. आमच्या दादरच्या घरात यातली शेवटची पायरी अजून कोणालाही पटलेली नाही. आई तर माझे फोटो बघून माशाचं कालवण कसं झालं असतं तेच सांगत बसते.

असला नाद असलेली माणसं मुंबईत शोधत शोधत शंभरावर निघाली. त्यांचा ऑनलाइन ग्रुप मी काढला, म्हणून नियमही मीच लिहिले. सात नियम होते. त्यातला चौथा असा: 'ग्रुपवर फक्त माश्यांचे फोटो टाकावेत. देव, सूर्योदय, नातवंडं आणि बिर्याणी नको.' हा नियम मी ऑफिसात डबा खाता खाता एका हाताने टाइप केला होता. मला तो फार आवडला होता. बिर्याणीमुळे त्याला जरा वजन आलं असं माझं मत होतं.

ते ग्रुपमध्ये आले त्याच दिवशी मला त्यांचा स्वतंत्र मेसेज आला. 'नियमावली वाचली. नियम दोन: वैयक्तिक. नियम सहा: सूचना. उर्वरित मजकूर निर्दोष.' मी दोन्ही शब्द दुरुस्त केले आणि 'धन्यवाद काका' असं लिहिलं. उर्वरित मजकूर निर्दोष आहे हे वाचून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

गिरगावातल्या एका छापखान्यात आणि तो बंद पडल्यावर दुसऱ्या एका छापखान्यात मिळून त्यांनी छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. लग्नपत्रिकांपासून कायद्याच्या ग्रंथांपर्यंत काय वाट्टेल ते. फ्लायकडे ते वळले तेही त्यातूनच. छंदांवरचं कुठलंसं पुस्तक छपाईला आलं होतं, त्यात माशी बांधायची एक गाठ आकृतीसकट दिली होती. आकृती चुकलेली असावी असा त्यांना संशय आला. लेखक फोनवर भेटेना. म्हणून त्यांनी शिवणाचा दोरा आणि वाकवलेली टाचणी घेऊन ती गाठ स्वतःच बांधून पाहिली. आकृती चुकलेलीच होती. पण ती दुरुस्त होईपर्यंत टाचणीवर एक माशी तयार झाली होती, आणि ती त्यांना फेकून देववेना. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरं काही केलंच नाही.

ग्रुपवर त्यांचा वावर कमी पण ठाम होता. कोणाच्या मजकुरात चूक दिसली की ते फक्त बरोबर शब्द पाठवायचे. मागे-पुढे काही नाही. 'खूप.' एवढंच. किंवा 'मी.' माझगावच्या एका मेंबरने नवा रॉड घेतल्याबद्दल भावनेच्या भरात दहा-बारा ओळी लिहिल्या, त्यात वडील आले, लहानपण आलं, गावची नदी आली. त्याखाली यांचे तीन शब्द आले. 'आशीर्वाद. स्फूर्ती. नदीत.' तो मेंबर तासाभरात ग्रुप सोडून गेला. मी काकांना फोन करून म्हटलं, जरा सांभाळून घ्या, लोक दुखावतात. ते म्हणाले, "अहो अ‍ॅडमिन, मी कुठे काय म्हटलं? त्यांचेच शब्द त्यांना परत दिले."

अंगठा, टाळ्या, ज्वाळा ही चित्रं त्यांना टाकता येत होती, मीच एकदा शिकवली होती. तरी ते ती अक्षरात लिहीत. 'अंगठा.' जास्त आवडलं तर 'अंगठा, टाळ्या.' आमचा लालबागचा सावंत, ज्याच्या गळाला आमच्यात सगळ्यात जास्त मासे लागतात, त्याने एकदा भलीमोठी खजुरी पाण्यात परत सोडतानाचा व्हिडिओ टाकला. त्यावर काकांचं आलं: 'अंगठा, टाळ्या, उभे राहून.' सावंतने त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

आणि ते स्वतः फोटो टाकत माश्यांचे. म्हणजे त्या बांधलेल्या, खोट्या माश्यांचे. आठवड्याला एखादा. खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर माशी, शेजारी मापाला आगपेटीतली काडी. खाली नाव आणि साहित्य. नावं त्यांची त्यांनी दिलेली. डासाएवढी काळी माशी, तिचं नाव 'अनुस्वार'. पोटात बाक असलेली 'स्वल्पविराम'. कावळ्याच्या पिसाची दोन टोकं वर काढलेली एक होती, तिचं नाव 'काकपद'. ओळीत राहून गेलेला शब्द घालायचा असेल तर मुद्रितशोधक जी छपरासारखी खूण करतात तिला काकपद म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. साहित्याची यादी वाचण्यासारखी असे. 'चिंचपोकळीच्या कोंबडीवाल्याकडील तुऱ्याखालचे पीस. सौ.च्या जुन्या शालूची जर. चाळीतील मांजरीचा केस, मांजरीच्या संमतीने.' शेवटी पूर्णविराम हमखास.

माश्या सुंदर होत्या. याबद्दल ग्रुपवर दुमत नव्हतं. अडचण एवढीच होती की माशीचे फोटो येत आणि माशाचा एकही येत नसे. पहिलं वर्ष कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी कुजबुज सुरू झाली. म्हातारा घरी बसून बांधतो नुसता, पाण्यावर जात नाही. गेला तरी त्याला काही लागत नाही. कोणीतरी म्हणालं, माश्याही स्वतः बांधतो की विकत आणतो कोण जाणे. शेवटी सावंतने, अगदी प्रेमाने, ग्रुपवर लिहिलं, "काकानू, येक तरी मासो दाखवा मरे."

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'एक.'

त्यावर आठवडाभर हसणं चाललं होतं. मीही हसलो. त्यांनी 'येक'ची दुरुस्ती केली होती की 'एक तरी धरलाय' असं म्हटलं होतं, यावर दोन तट पडले होते.

आता नदीबद्दल सांगायला हवं. घाटाखालच्या एका गावाने आपल्या नदीच्या तुकड्यावर आम्हाला वर्षातून एक दिवस गळ टाकायची परवानगी दिलेली आहे. बारा जणांना. तेरावा माणूस चालत नाही, गावाने तसं स्पष्ट सांगितलं आहे. तिथे स्वच्छ, वाहतं, गुडघाभर पाणी आहे, आणि खडस नावाचा मासा आहे, जो पाण्यावर तरंगणारी माशी घ्यायला खालून उसळून वर येतो. आमच्यासारख्यांना याहून मोठं काही नाही. शंभरातून बारा निवडायचे तर काहीतरी कसोटी हवी. मी ठरवलं, वर्षभरात निदान पाच माशांचे फोटो ज्याने ग्रुपवर टाकले असतील त्याचाच विचार करायचा. घरबसले मेंबर आपोआप गळतील. दिवाळीनंतर मी यादी लावायचो.

पहिल्या यादीनंतर काकांचा मेसेज आला. 'यादीत माझे नाव दिसत नाही. काही त्रुटी राहिली असल्यास कळवावे.' मी लिहिलं, काका, वर्षात पाच फोटो लागतात. त्यांनी लिहिलं, 'माझे त्रेचाळीस आहेत.' मला वाटलं, म्हाताऱ्याला कळत नाहीये. मी समजावून सांगावं तसं लिहिलं, 'काका, माश्यांचे पाहिजेत.' त्यांचं उत्तर आलं, 'तेच आहेत.'

हट्टी माणूस, असं म्हणून मी फोन खाली ठेवला. आणि त्यांनीही विषय वाढवला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच मेसेज, तेच 'कळवावे'. त्या वर्षी मी उत्तरसुद्धा दिलं नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी फोन केला, फक्त एकदाच, आणि तेव्हा जरा मोकळं बोलले. "समुद्रात माशी बुडते हो. मासा घेतो ते हाताला कळतं, डोळ्याला दिसत नाही. माझ्या निम्म्या माश्या तरंगणाऱ्या आहेत. त्या अजून पाण्याला लागलेल्याच नाहीत. मासा वर येऊन माझी माशी घेतो आहे, हे मला एकदा बघायचंय. एकदा बघितलं की बास."

मी म्हटलं, "काका, नियम सगळ्यांना सारखा."

"ते बरोबरच आहे," ते म्हणाले आणि माझ्या आईची तब्येत विचारून त्यांनी फोन ठेवला.

चौथ्या यादीलाही असंच झालं. त्या वर्षी त्यांचा मेसेज आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आणखीही एक गोष्ट त्या सुमारास घडत होती, जी माझ्या लक्षात आली पण मी तिचा अर्थ भलताच लावला. त्यांच्या दुरुस्त्या कमी झाल्या होत्या. लोक बिनधास्त 'खुप' लिहीत होते आणि काही येत नव्हतं. मला वाटलं, म्हातारा निवळला.

त्या पावसाळ्यानंतर एका रविवारी सकाळी सावंतचा फोन आला. तो प्रभादेवीला देवीच्या दर्शनाला गेला होता आणि तिथून समुद्राकडे चक्कर मारायला आला होता.

"भावा, ऐक ना. काका इथे आहेत. खडकांवर."

"बरं मग?"

"मग काय रे, धरतायत. माझ्यासमोर दोन तांबोश्या काढल्या. एक तर ही एवढी. हातात घेतली, तोंडातून आकडा काढला, सोडून दिली. फोटो नाही, काय नाही. बुशशर्टच्या खिशात दोन पेनं, पायात काळे बूट, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्यात. छत्रीच्या कव्हरातून रॉड आणतात. इथला चणेवाला सांगतो, कित्येक वर्षं येतात, रोज काहीतरी लागतंच."

"मग फोटो का नाही टाकत?"

"ते मला काय विचारतोस? तू अ‍ॅडमिन ना?"

सावंतने लांबून काढलेला फोटो पाठवला. पाठमोरे काका, वाकलेले, दोन्ही हात पाण्यात, आणि हातांमध्ये लालसर काहीतरी. मी तो फोटो बराच वेळ मोठा करून बघत बसलो. मग दुपारी गिरगावात त्यांच्याकडे गेलो.

चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकीशी टेबल, टेबलाला घट्ट बसवलेला लहानसा वाईस, म्हणजे शिकंजा, त्यात आकडा. काका भिंग लावून दोरा गुंडाळत होते. माझ्याकडे बघताना त्यांनी मान जराशी तिरकी केली, जसं कोणी चोरून बघतं. मी बसलो तोवर दोरा आकड्याला चुकवून तीनदा खाली पडला. त्यांनी तो तीनदा उचलला.

काकूंनी चहा आणला आणि मी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "डोळ्यांचं झालंय त्यांच्या. दीड वर्ष झालं. मधलं जातंय, डॉक्टर म्हणतात. वय झालं की होतं म्हणे काहींना."

"समास दिसतो," काका म्हणाले. "मजकूर दिसत नाही."

ते हे हसत म्हणाले. बाजूचं सगळं दिसतं, ज्याच्याकडे बघावं नेमकं तेवढंच पुसलं जातं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. समोर बसलेल्या माझे कान दिसत होते, चेहरा नव्हता. मी ज्यासाठी आलो होतो तेच विचारलं.

"काका, तुम्हाला मासे लागतात."

"लागतात ना. रोज नाही, पण लागतात."

"मग तुम्ही माशांचे फोटो का नाही टाकत?"

त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं. "कसे टाकणार? नियम आहे ना."

"कुठला नियम?"

"अहो, तुमचाच. नियम चार. 'ग्रुपवर फक्त माश्यांचे फोटो टाकावेत.' माश्यांचे. 'श'ला 'य' जोडलेला. माशी, माश्या, माश्यांचे. माशांचे असते तर य आला नसता. मासा, मासे, माशांचे."

मी खिशातून फोन काढला आणि नियम उघडला. य होता. माझ्याच हाताने टाइप केलेला, डब्यातली भेंडी खाता खाता. मग मी मागे जाऊन त्यांना पाठवलेला जुना मेसेज काढला. 'काका, माश्यांचे पाहिजेत.' तिथेही य होता. मी त्यांना माशीचे फोटो पाहिजेत असं लेखी कळवलं होतं, आणि त्यांनी 'तेच आहेत' असं अगदी खरं उत्तर दिलं होतं.

"पण काका," मी म्हटलं, "सगळं जग माशाचे फोटो टाकत होतं की."

"हो. नियम मोडत होते सगळे. मला आश्चर्य वाटायचं तुम्ही कोणाला काही बोलत नाही याचं. म्हटलं, अ‍ॅडमिन भिडस्त आहेत."

"आणि तुम्ही टाळ्या देत होतात त्यांना."

"मासा चांगला होता म्हणून दिल्या. नियम मोडून काढलेला मासाही चांगला असू शकतो."

"तुम्ही आख्ख्या ग्रुपच्या चुका काढता. एवढी मोठी चूक तुम्हाला दिसली नाही?"

हे मी जरा चिडून विचारलं. चिडायचा अधिकार खरं तर मला नव्हता. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि चष्मा पुसला.

"तिथेच फसलो," ते म्हणाले. "माश्या बांधणाऱ्यांचा ग्रुप, माश्यांचे फोटो. अर्थ सरळ लागला. अर्थ लागला ना, की चूक दिसत नाही. म्हणून आम्ही ओळ उलटी वाचायचो, शेवटच्या शब्दाकडून. तुमचे नियम मी सुलटे वाचले. निवृत्त झालो होतो ना, जरा ढिलाई आली होती."

चूक माझी होती आणि ते स्वतःला दोष देत होते. मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, यादीत नाव नाही म्हटल्यावर तुम्ही भांडला का नाहीत? पाच मासे तर तुम्ही एका आठवड्यात धरले असते. ते म्हणाले, मुद्रितशोधकाने खूण करून विचारायचं असतं. लेखकाने 'आहे तसे ठेवा' म्हटलं की विषय संपला. मी चार वर्षं त्यांना आहे तसे ठेवा म्हणत होतो.

मी तिथे बसल्या बसल्याच नियमातला य काढला आणि ग्रुपवर सविस्तर लिहिलं, की चूक माझी होती, काकांना मासे लागतात, सावंतने पाहिलं आहे, आणि या वर्षीच्या यादीत पहिलं नाव काकांचं. धडाधड अंगठे आले. ते कसले आवाज येतायत, असं काकूंनी विचारलं.

पण काका तयार होईनात. "नियमात बसत नाही मी," ते म्हणाले. "नियम आज दुरुस्त झाला. म्हणजे आजपासून लागू. आजपासून माझ्याकडे माशाचा एकही फोटो नाही."

"सावंतने काढलाय ना."

"तो सावंतांचा फोटो. त्यांच्या नावावर जाईल. आणि आता ओळखीने नेलं असं होईल, ते बरं दिसत नाही. दुसऱ्या कोणाची जागा जाईल." मग म्हणाले, "शिवाय आता जाऊन काय उपयोग. छापून गेलं की गेलं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. अंकात चूक राहून गेली, पत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव बदललं, कोणी कितीही आदळआपट केली तरी ते शांतपणे हेच म्हणायचे. त्या दिवशी मात्र ते म्हणताना त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

काकू इतका वेळ पलंगावर बसून कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, वाकून पलंगाखालून एक खोकं ओढलं आणि माझ्यासमोर उघडलं. आत नदीत घालायचे रबरी बूट होते, गुडघ्यापर्यंतचे. पिशवीतून काढलेलेसुद्धा नव्हते.

"पहिली यादी लागायची होती ना, तेव्हा आणलेत," त्या म्हणाल्या. "दर दिवाळीला साफसफाईत मी विचारते, देऊन टाकू का कोणाला. तर म्हणतात, राहू दे, पुढच्या वर्षी लागतील. आता मलाच अडगळ झालीय याची. तुम्ही घेऊन जा हो यांना."

काकांनी हात लांबवून बुटाचा तळ चाचपला. मी ते हो असं धरलं.

बारातल्या दुसऱ्या कोणी आपली जागा सोडायची गरज पडली नाही, कारण मी माझी सोडली. गळ बाराच राहिले, मी फक्त सोबतीला गेलो, आणि मोकळ्या हाताने आलेला माणूस गावाने चालवून घेतला. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला तेवढंच सुचलं होतं.

नदीवर आम्ही सकाळी पोहोचलो. बाकीचे पांगले. सावंत जाता जाता काकांच्या बुटांच्या पट्ट्या आवळून गेला. मी त्यांना हाताला धरून उथळ पाण्यात नेलं आणि ते स्थिर उभे राहिल्यावर सोडलं. त्यांनी डबीतून बोटांनी चाचपून एक माशी घेतली आणि दोरीला बांधली. बघायची त्यांना गरज लागली नाही, बोटं पाठ होती. मग त्यांनी दोरी फेकली, आणि एवढी वर्षं लोकांना फेकताना बघूनही मी म्हणेन की तशी फेक मी पाहिलेली नव्हती. माशी पाण्यावर टेकली तेव्हा एक थेंबसुद्धा उडाला नाही. प्रवाहाबरोबर ती तरंगत खाली यायला लागली. मला ती दिसत होती. त्यांना दिसत नव्हती.

आमचं ठरलं होतं की मी बघायचं आणि मासा आला की सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मासा माशी तोंडात घेतो आणि ती खोटी आहे हे त्याला लगेच कळतं, तेवढ्यात हात उचलला तर तो लागतो. बघणारा आणि हात उचलणारा एकच असेल तर हे जमतं. पहिल्या फेकीला मासा आला. मी "आला" म्हटलं, त्यांनी हात उचलला, दोरी रिकामी. दुसऱ्या वेळी मी जोरात म्हटलं. रिकामी. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडून तयारच होतो, तरीही रिकामी. चौथा मासा खरोखर मोठा होता, सोनेरी खवल्यांचा, त्याची अर्धी पाठ पाण्याबाहेर आली. मी ओरडलो. दोरी परत आली तेव्हा माशीचं एक पीस तेवढं गेलं होतं.

काकांनी ती माशी हातात धरून अंगठ्याने चाचपली.

"अ‍ॅडमिन, तुमचं बरोबर असतं," ते म्हणाले. "फक्त उशिरा येतं."

त्यांच्या मनात त्या चार माशांपलीकडे काही नव्हतं. याची मला खात्री आहे, टोमणा मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण माझे कान तापले. मी म्हटलं, "सॉरी काका." कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वी आणलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं." पाणी त्यांच्या बुटांना वळसा घालून जात होतं.

"तो येतो तेव्हा नक्की काय काय होतं ते सांगा," थोड्या वेळाने ते म्हणाले. "घाई नाही. क्रमाने सांगा."

मी क्रमाने सांगितलं. आधी माशीच्या खाली पाणी जरा काळं होतं. मग ते फुगतं. मग ओठ दिसतात, पांढुरके, जाड. माशी नाहीशी होते. मग पाठ वळते आणि एक वर्तुळ उरतं, ते प्रवाहाबरोबर खाली जातं.

"आणि आवाज?"

"आवाज अगदीच थोडा. ओठ मिटल्यासारखा. पाण्याच्या आवाजात कळत पण नाही."

"मला आला तो," काका म्हणाले. "चारही वेळा आला. तुमच्या आधी. मी तुमची वाट बघत थांबलो." त्यांनी माशी फुंकून कोरडी केली. "आता तुम्ही बोलू नका."

मी तोंड मिटलं. त्यांनी पाचव्यांदा दोरी फेकली आणि डोळे मिटून घेतले.